निवासी शाळा परवडवायची कशी, भेटीला जायचं कसं : पहिल्यांदाच लेकरू बाहेर ठेवणाऱ्या पालकांसाठी

मे महिना लागला की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. हातात निवासी शाळेचं चकचकीत माहितीपत्रक, बाजूला सहावीत जाणारं लेकरू आणि दबक्या आवाजात पहिला प्रश्न, "भाऊ, ह्यातली खरी फी किती?" उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद स्कॅन करता करता दरवेळी जे सांगतो ते एकदाचं लिहून काढतोय. आमचं गाव कळंब तालुक्यात. माझी लेक ८०-९० किलोमीटरवरच्या एका खाजगी निवासी शाळेत ६ वर्षं होती. पहिली दोन वर्षं आम्ही चुकत चुकत काढली, यातलं बरंचसं त्या चुकांमधूनच आलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. फी भरता आली म्हणजे शाळा परवडली असं नसतं. फी भरून झाल्यावर महिन्यातून एकदा लेकराला भेटायला जाण्याइतके पैसे आणि तोंड, दोन्ही शिल्लक राहिलं तर ती परवडली म्हणायची. तोंडाचं काय, ते पुढं येईल.

आधी फुकटातलं बघा

खाजगी शाळेच्या गेटवर जाण्याआधी एक वर्ष, म्हणजे लेकरू पाचवीत असतानाच, नवोदयचा अर्ज भरा. जवाहर नवोदय विद्यालयं १९८६ मध्ये सुरू झाली. आपल्याकडं मराठवाड्यात गढी, तुळजापूर, कन्नड, वसमत, शंकरनगर इथली नावं तुमच्या कानावर असतीलच. सहावीच्या प्रवेशासाठी निवड परीक्षा असते आणि किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं यांना तोही माफ. परीक्षा अवघड आहे, जागा थोड्या आहेत, म्हणून अर्जच न भरणारे खूप. भरा. नाही लागला तर गेलं काय? एका वर्षाचा सराव तर पदरात पडतो. मुलगी असेल तर तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे का, तेही विचारा. तिथं सहावीपासून मुलींना मोफत ठेवतात.

आता खाजगी शाळेतच, पण सरकारच्या पैशानं जाता येतं अशा वाटा. या कुणी आपणहून सांगत नाही.

लेकरू अनुसूचित जातीचं असेल तर केंद्राची 'श्रेष्ठ' नावाची योजना आहे. सीबीएसईच्या निवडक खाजगी निवासी शाळांत नववीला आणि अकरावीला प्रवेश मिळतो. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, आणि आईवडिलांचं मिळून उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. शिकवण्याचा आणि राहण्या-जेवणाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकार थेट शाळेला देतं. आदिवासी मुलांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांची योजना आहे. आपल्या भागात किनवट आणि कळमनुरीच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन यंदाच्या नव्या प्रवेशाची जाहिरात निघाली का ते विचारायचं. ती लहान वर्गापासूनची आहे, सहावीतलं पोरगं घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. धनगर समाजाच्या मुलांसाठीही याच धर्तीची योजना आहे.

घरात कुणी फौजेत, सीआरपीएफमध्ये, रेल्वेत किंवा केंद्राच्या दुसऱ्या कुठल्या नोकरीत असेल तर हॉस्टेल सबसिडी सोडू नका. जानेवारी २०२४ पासून ती एका मुलामागं महिना ८,४३७ रुपये ५० पैसे झाली. पहिल्या दोन मुलांपुरती मिळते आणि शाळा राहत्या घरापासून निदान ५० किलोमीटरवर हवी. माझ्या दुकानात एका जवानाची बायको आली होती. तीन वर्षं पूर्ण फी खिशातून भरलेली, सबसिडीचं नावही ठाऊक नाही. नवऱ्याला वाटायचं बायकोनं कागद पाठवले असतील, बायकोला वाटायचं नवऱ्याला पगारातच मिळत असेल.

दोन गैरसमजही इथंच खोडतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत पाचवी-सहावीला प्रवेश मिळत नाही, तो शाळेच्या सुरुवातीच्याच वर्गाला असतो. आणि एनएमएमएस ही आठवीतल्या परीक्षेवरची शिष्यवृत्ती, वर्षाला १२,००० रुपये, ही सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत घातलं की तो हक्क गेला. हुशार लेकराच्या बाबतीत नववी ते बारावीचे हे ४८,००० रुपये हिशेबात धरूनच निर्णय घ्या.

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढा. जूनमध्ये सगळा तालुका एकाच सर्व्हरवर तुटून पडतो आणि मग माझ्यासारख्याच्या दुकानात रात्री अकरापर्यंत रांग.

छापील फी आणि वहीतली फी

माहितीपत्रकात लिहिलं होतं ८५,००० रुपये, राहणं-जेवणासह. मी मान हलवली आणि घरी आलो. वर्ष संपल्यावर बायकोनं वही समोर टाकली. अनामत ५,०००. दोन गणवेश, पीटीचा ड्रेस, बूट, स्वेटर मिळून ७,५००. वह्या-पुस्तकं ६,०००. पेटी, गादी, बादली, चादरी ५,०००. लेकीची खर्ची महिना ५०० प्रमाणे दहा महिने, ५,०००. धोबी-न्हावी ३,०००. सहल आणि गॅदरिंगचा भाड्याचा पोशाख ३,५००. बाहेरच्या परीक्षांची फी १,५००. औषधं २,०००. बेरीज १ लाख २३ हजार ५००. यात आमचं एकही तिकीट धरलेलं नाही.

म्हणून प्रवेशाआधी शाळेच्या ऑफिसात बसून एकच प्रश्न विचारा, "मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलाचा जूनपासून एप्रिलपर्यंत एकूण किती खर्च झाला?" आणि मिळालेला आकडा आधीपासून तिथं असलेल्या दोन पालकांकडून पडताळून घ्या. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटीच्या रविवारी हे पालक सापडतात. 'फाउंडेशन'ची चौकशी जरूर करा. लातूर-नांदेडचं 'नीट'चं, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं, वारं आता आठवीपर्यंत आलंय आणि पुष्कळ निवासी शाळांत आठवीपासून वेगळ्या क्लासची वेगळी फी लागते. ऐच्छिक म्हणतात. वर्गातली सगळी मुलं संध्याकाळी तिकडं गेली की आपलं एकटं लेकरू मागं बसतं का, हे विचारा.

अनामतीची पावती वेगळी घ्या आणि पेटीच्या चावीइतकी जपा. सहा वर्षांनी ती दाखवल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत. देणगी मागितली तर देऊ नका. प्रवेशासाठी कॅपिटेशन फी घ्यायला राज्यात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. "इमारत निधी" म्हणा नाहीतर "विकास निधी" म्हणा, पावती नसलेला पैसा तोच.

फी क्विंटलमध्ये मोजा

हे मला आमच्या चुलत्यांनी शिकवलं. रुपयात फी मोठी वाटते का लहान, कळत नाही. सोयाबीनमध्ये लगेच कळते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावानं ८५,००० म्हणजे १६ क्विंटल. पण अडत्याकडं ओला माल घालून ४,००० नं सुटलात तर सव्वाएकवीस. एकरी सात क्विंटलचा उतारा धरला तर तीन एकरांतलं सगळं सोयाबीन, बी-खत-फवारणी-मळणी न वजा करता, एका फीत गेलं. हे गणित कागदावर घालूनही "जमतंय" वाटलं तर पुढं जा. तीन एकरच रान असेल तर जाऊ नका. जिल्हा परिषदेची शाळा आणि संध्याकाळी एखादी चांगली शिकवणी यात कमीपणा नाही, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. काहींना राग येतो.

पुढची अडचण तारखांची. शाळा जूनमध्ये अर्धी फी मागते. जूनमध्ये आपल्याकडं काय असतं? बियाण्याची पिशवी, डीएपीचं पोतं आणि आभाळाकडं लागलेले डोळे. पैसा येतो नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचा, पुढं कापसाचा, आणि फेब्रुवारीत तुरीचा. फी महाग असते त्यापेक्षा ती चुकीच्या महिन्यात येते, आणि तिथंच माणूस सावकाराकडं जातो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे, अर्ज. तोंडी बोलणं क्लार्क बदलला की हवेत जातं. आम्ही दुसऱ्या वर्षी दिलेला अर्ज जवळजवळ असा होता :

"मा. प्राचार्य यांस, माझी मुलगी आपल्या शाळेत सातवीत शिकत आहे. माझे उत्पन्न शेतीवर अवलंबून असून पिकाचे पैसे नोव्हेंबर व फेब्रुवारी महिन्यात हाती येतात. तरी वार्षिक फी रु. ८५,००० पैकी रु. १५,००० जूनमध्ये, रु. ४०,००० दि. १५ डिसेंबरपर्यंत व रु. ३०,००० फेब्रुवारीअखेर भरण्याची परवानगी मिळावी. अतिवृष्टी अथवा दुष्काळामुळे पीक हातचे गेल्यास मुदतवाढीबाबत त्या वेळी अर्ज करीन. सोबत सातबारा व पीकपेऱ्याची प्रत जोडली आहे."

दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन घरी आणायची. नोव्हेंबर न लिहिता १५ डिसेंबर लिहिलं त्याला कारण आहे. हमीभाव केंद्रावर माल घालायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, म्हणजे वाळवणं आलं, नंबर लागणं आलं, आणि पैसे खात्यावर यायला आणखी दिवस जातात. अतिवृष्टीचं वाक्य त्या वर्षी बायकोला अपशकुनी वाटलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात माती धरून रानं वाहून गेली, तेव्हा आमच्याच गावातल्या एका पालकाला त्याच वाक्यानं दोन महिने मिळवून दिले.

हप्त्यांच्या बदल्यात शाळा पुढच्या तारखांचे चेक मागते. द्यावेच लागले तर तारीख महिनाभर पुढची टाका. चेक वटला नाही तर फौजदारी प्रकरण होतं, साधी उधारी राहत नाही.

सवलत मागायला लाजू नका. दोन भावंडं एकाच शाळेत असतील तर दुसऱ्याच्या फीत सूट, शिष्यवृत्ती परीक्षेत यादीत आलेल्या मुलाला सूट, वडील गेलेल्या मुलाला सूट, अशा गोष्टी बऱ्याच संस्था देतात, पण माहितीपत्रकात छापत नाहीत. एप्रिलमध्ये जागा रिकाम्या असताना विचारलं तर उत्तर वेगळं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विचारलं तर वेगळं. बाजारात बैल घेताना जे डोकं चालवता तेच इथं चालवा.

कर्जाबद्दल थोडक्यात. बचत गटाचं घ्या, पतसंस्थेचं एक वेळ घ्या, पीककर्जाला हात लावू नका. ते वेळेवर भरलं तर व्याजाची सवलत मिळते, शाळेत घातलं तर तीही जाते आणि पेरणीही उधारीवर होते. शाळेनंच टेबलावर बसवलेल्या "शून्य टक्के" हप्तेवाल्या कंपनीच्या कागदावर प्रोसेसिंग फी आणि उशिराचा दंड कुठं लिहिलाय ते बोट ठेवून वाचा. टॅक्स भरणारे नोकरदार असाल तर जुन्या करप्रणालीत फक्त ट्यूशन फीची वजावट मिळते, वसतिगृह आणि मेसची नाही. म्हणून पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या लिहून मागा.

कायदा खिशात असू द्या, हातात नको

महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या फीचा २०११ चा कायदा आहे. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, संस्थाचालकांच्या मर्जीतले चारजण बसवायचे नसतात. फीवाढीचा प्रस्ताव या समितीपुढं येतो आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं तशीच राहते. पहिल्याच सभेत नाव द्या. माझं नाव चिठ्ठीत निघालं तेव्हा मी मागच्या रांगेत बसून शेंगा खात होतो.

आणखी एक कलम लक्षात ठेवा. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलायची असेल तर आरटीई कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणं मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखला नाही म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवूही शकत नाही. थकबाकीसाठी दाखला दाबून ठेवला तर हे शांतपणे सांगायचं. भांडणाची वेळ येण्याआधी शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदणी नंबर, तोही तपासून घ्या. बोर्डावर भव्य नाव आणि सरकारदरबारी नोंद दुसऱ्याच शाळेची, असे प्रकार होतात.

तोंड शिल्लक ठेवण्याची गोष्ट

पहिल्याच वर्षी, अर्ज वगैरे काही ठाऊक नसताना, आमचे १२ हजार थकले. भेटीचा रविवार आला. त्या शाळेत गेटपास ऑफिसच्या खिडकीतून मिळायचा आणि खिडकीच्या आत क्लार्कपुढं थकबाकीची यादी. नाव सांगितलं की तो यादीवर बोट फिरवायचा, मागं रांगेत उभे असलेले पालक ऐकत असायचे. मी आईला पाठवलं. "रानात काम हाय," म्हणालो. पुढच्या महिन्यात पुन्हा आईच. तिसऱ्या खेपेला आई परत आली, पिशवी टेकवली, पाणी प्याली आणि म्हणाली, "पोरगी इचारीत व्हती, आज्जे, अप्पाचं शाळंत किती देणं राहिलंय?"

अकरा वर्षांच्या लेकराला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपलं आपण जुळवलं.

पुढं पालक संघात बसायला लागल्यावर पाहिलं, भेटीला न येणाऱ्या घरांपैकी कितीतरी घरं थकबाकीच्या यादीतली असायची. लेकराची माया आटलेली नसते, खिडकीची लाज असते. म्हणून ही पायरी फीच्या पायऱ्यांइतकीच पक्की करा. भेटीच्या रविवारी फीचं बोलायचं नाही आणि बोलू द्यायचं नाही. हप्ता चुकणार असं दिसलं की त्या रविवारच्या आधी, मधल्या वारी, ऑफिसला फोन करा, नवी तारीख सांगा, जमलं तर हजार-दोन हजार तरी खात्यावर टाका आणि पावतीचा फोटो ठेवा. खिडकीत विषय निघालाच तर "बुधवारी साहेबांशी बोलणं झालंय" एवढं म्हणून गेटपास मागा. आम्ही समितीत मांडून गेटपास वॉचमनच्या टेबलावर आणला आणि रविवारी हिशेबाची खिडकी बंद ठेवायला लावली. त्याच्याच पुढच्या भेटीला गेटवर इतक्या चपला मी पहिल्यांदा बघितल्या. तुमच्या शाळेत हे नसेल तर पहिल्या सभेत मागायची गोष्ट हीच. सोबत झाडाखाली दोन सतरंज्या, पिण्याचं पाणी आणि मराठीतली सूचना. इंग्रजी पाटीपुढं उभ्या राहिलेल्या आईला आपण कुठं जायचं तेच कळत नसतं.

भेटीचं गणित

वर्षाच्या सुरुवातीला भेटीच्या दहा तारखा कॅलेंडरवर लिहा आणि त्यांचे पैसे फीचा हप्ता समजून बाजूला काढा. उरले तर जाऊ, असं म्हणणाऱ्याचे कधी उरत नाहीत.

एसटीच्या सवलती नीट वापरल्या तर खर्च निम्म्यावर येतो. मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं, आणि पंचाहत्तरीच्या पुढं २०२२ पासून फुकट. एका बाजूचं पूर्ण तिकीट २०० धरा. वडिलांचे २००, आईचे १००, अडुसष्ट वर्षांच्या आजीचे १००, आठ वर्षांच्या धाकट्याचे १०० आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या आजोबांचे शून्य. जाऊन येऊन हजारात पाच माणसं. आणि पैशांची अगदीच ओढ असेल त्या महिन्यात एकट्या आजोबांना पाठवा, आधार कार्ड आणि धपाट्याचा डबा देऊन. ते मार्कांचं विचारत नाहीत, घाईनं निघत नाहीत. मोठ्या सुट्टीत गावी येणाऱ्या विद्यार्थ्यालाही एसटीत सवलत असते. शाळेच्या शिक्क्याचा कागद घेऊन सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी आगारात चौकशी करा.

दुसरी युक्ती म्हणजे पाळी. आपल्या तालुक्यातली पाच घरं शोधा. दर रविवारी पाचही घरांनी जाण्यापेक्षा एका रविवारी एका घरानं जायचं आणि पाचही लेकरांचे डबे, चिठ्ठ्या, राहिलेलं स्वेटर घेऊन जायचं. प्रत्येक लेकराला आठवड्याला गावाकडचं कुणीतरी दिसतं आणि प्रत्येक घराची फेरी पाच आठवड्यांतून एकदाच. मोठ्या दिवशी, म्हणजे गॅदरिंगला किंवा निकालाला, पाच घरांत मिळून एक क्रुझर करायची. यासाठी शाळेत भेटीला येऊ शकणाऱ्या माणसांची यादी द्यावी लागते, फोटो आणि आधारच्या झेरॉक्ससकट. ही यादी स्वतः भरा आणि त्यात विचार करून नावं घाला. ज्याच्याबद्दल मनात जराही शंका आहे तो कितीही जवळचा पाहुणा असो, त्याचं नाव नको.

तारखा निवडताना गावच्या पंचांगाकडं बघा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, लेकराला घरी आणता येत नसेल तर दुसऱ्या रविवारी भज्जी आणि अंबील घेऊन जा, अंबिलीचं भांडं मात्र बसमध्ये मांडीवर धरा. नांदेडला शाळा असेल आणि पहाटेच्या गाडीनं उतरलात तर गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये कुणालाही जेवायला मिळतं. तुळजापूर, परळी, औंढा वाटेत असेल तर घरातली म्हातारी माणसं दर्शनाच्या नावाखाली आपणहून तयार होतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं सगळं वेगळं आहे. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. दहा तारखा वगैरे बोलणं त्यांच्यापुढं चेष्टा आहे. अशा घरांनी तीन गोष्टी कराव्यात. जाण्याआधी, म्हणजे मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेताना, फीचा एक हप्ता त्याच दिवशी भरून टाकावा, कारण उचल हातात फार दिवस राहत नाही. गावात राहणाऱ्या एका माणसाचं नाव पालक प्रतिनिधी म्हणून लेखी द्यावं. आणि रेक्टरशी बोलून आठवड्यातला एक वार आणि वेळ फोनसाठी पक्की करावी, रात्री आठनंतरची, कारण तोवर माणूस उसाच्या फडातून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतलेला नसतो. संक्रांतीच्या आसपास एखाद्या ट्रकवाल्याबरोबर का होईना, आई-बापापैकी एकानं एक फेरी मारावी. मुकादम कुरकुर करतो. करू द्या.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी

प्रवेशाआधीच भेटीचे नियम कागदावर मागून घ्या. कितवा रविवार, किती वाजेपर्यंत, आत जेवता येतं का, खोली बघता येते का. पहिले पंधरा दिवस किंवा महिनाभर भेटू नका असं बऱ्याच शाळा सांगतात, लेकरू रुळावं म्हणून. त्यात थोडं तथ्य आहे. पण त्या काळातही आठवड्याला एक फोन मिळालाच पाहिजे, यावर अडून बसा. जी शाळा खोली, संडास-बाथरूम आणि मेस आईला बघू देत नाही तिथं लेकरू ठेवू नका, फी कितीही कमी असली तरी.

गेल्या गेल्या मार्कांचं विचारू नका. आधी झाडाखाली बसा, डबा उघडा. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही न्यायचो, आणि धपाटे नेहमी दहा जास्तीचे, कारण आपल्या लेकरासोबत ज्याच्याकडं कुणी आलेलं नाही असं एखादं हमखास येऊन बसतं. त्याला "तुझे आईवडील का नाही आले?" हे विचारायचं नाही. खाताना लेकराकडं नीट बघा. नखं, डोकं, अंगावर कुठं खरूज, गळ्याजवळची हाडं वर आलीत का. मग पेटी उघडायला लावा. चड्ड्या-बनियन किती उरल्या, साबण कधीचा संपला, कुलूप कुणी तोडलं, ही सगळी माहिती पेटी देते.

नंतर एकटं फिरायला न्या आणि सहज विचारा, रात्री तुमच्या खोलीपाशी कोण असतं, मोठी पोरं कशी आहेत, आजारी पडल्यावर कुणाला सांगतोस. लेकरू गप्प झालं, विषय बदलला, एखाद्या माणसाचं नाव काढलं की आखडलं, तर ते तसंच सोडून बसस्टँड गाठू नका. रेक्टर आणि प्राचार्यांना भेटूनच निघा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तो लेकराला घरी असतानाच पाठ करून द्या.

मेसमधल्या मावशींशी दोन शब्द बोला, नाव विचारा, चटणी द्या. सहा वर्षांत लेकीच्या तब्येतीची खरी खबर मला रेक्टरपेक्षा त्यांच्याकडून जास्त मिळाली. रोख पैसे लेकराच्या हातात देऊ नका, खर्ची रेक्टरच्या वहीत जमा करा आणि मागच्या महिन्यात कशावर गेली ते वाचा. आमच्या लेकीच्या नावावर एका महिन्यात चार वेळा न्हावी लागला होता.

निघण्याची वेळ आधी सांगून ठेवा आणि ती पाळा. परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे सकाळी उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचारा, कारण रविवारी काही फेऱ्या रद्द असतात. अभ्यासाच्या घंटेच्या आधी निघा. गेटवर रेंगाळलं की रडणं वाढतं, दोन्हीकडचं. उठण्याआधी पुढच्या भेटीची तारीख सांगा आणि ती पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनानं लिहा. लेकीची पेटी आता आमच्या माळ्यावर आहे. झाकणावर बावन्न तारखा आहेत, त्यातल्या पहिल्या वर्षीच्या तीन तारखांपुढं तिनं लहान अक्षरात 'आज्जी' लिहिलंय.